जावक क्रमांक १२७

४ मार्च

चि. बटण हिस,

अनेक आशीर्वाद. मायना संपला, आता काम.

माझी ईमेल ज्या कंपनीकडे आहे ती एकतीस मार्चला गाशा गुंडाळते आहे. तशी तीन पत्रं आली. तिन्हींची भाषा इतकी गोड, की आधी मला वाटलं बक्षीस लागलं. एकतीसनंतर जुनं काहीही उघडणार नाही. मी एकोणीस वर्षं वापरते तो प्रोग्रॅमही नव्या संगणकावर चालत नाही, असं आमच्या खालच्या मजल्यावरचा दुरुस्तीवाला म्हणतो. "आजी, जुनं जाऊ द्या, नवीन खातं दोन मिनिटांत काढून देतो," म्हणाला. मी त्याच्या भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून विचारलं, "हेही जुनंच दिसतंय, जाऊ द्यायचं का?"

मला जुनं सगळं हवं आहे. निवृत्तीचे कागद आहेत, इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा वाद आहे. तो अजून मिटलेला नाही, आणि समोरच्या पक्षाची स्मरणशक्ती वयाबरोबर सुधारत चालली आहे.

तू दिवसभर इस्पितळात लोकांच्या हरवलेल्या फायली शोधतेस, म्हणून तुला विचारते. वेळ नसेल तर स्पष्ट सांग. भिडेखातर हो म्हणू नकोस.

मावशी

५ मार्च

मावशी,

सा. न. माझाही मायना संपला.

वेळ आहे. नसता तरी काढला असता, कारण तू दुरुस्तीवाल्याचं प्रमाणपत्र उतरवून ठेवशील अशी मला भीती आहे.

शनिवारी सकाळी दहाला तुझा संगणक चालू ठेव. मी इथे बसून दुरून तो चालवीन. पडद्यावर बाण आपोआप हलताना दिसला की घाबरू नकोस आणि माऊस धरून त्याच्याशी कुस्ती खेळू नकोस. गेल्या वेळी तू खेळली होतीस.

नव्या प्रोग्रॅममध्ये जुनी पत्रं आणताना एकेका फोल्डरसमोर खूण करावी लागते. खूण केली ते येतं, नाही केली ते कंपनीबरोबर बुडतं. तेव्हा कुठले फोल्डर हवेत ते कळव.

बटण

८ मार्च

चि. बटण,

शनिवारी तुझा बाण पाहिला. माझ्या संगणकात मला न विचारता कोणी कपाटं उघडतंय हे पाहणं सोपं नव्हतं, पण माऊसला हात लावला नाही.

फोल्डर असे: निवृत्ती, टाकी, दवाखाना, इमारत (सामान्य), इमारत (भांडणं). यांना खूण कर. 'स्थगित' नावाचा एक असेल. तो रिकामा आहे, सोडून दे.

मावशी

९ मार्च

मावशी,

पाच फोल्डरांना खूण केली. पण 'स्थगित' रिकामा नाही.

त्यात दोनशे चौदा पत्रं आहेत. एकही उघडलेलं नाही. सगळी एकाच पत्त्यावरून आली आहेत. आईच्या.

तुझ्या प्रोग्रॅमची डावी पट्टी मिटलेली होती म्हणून तुला ती कधी दिसली नसावीत. शिवाय आत एक नियम बसवलेला आहे: या पत्त्यावरून येईल ते समोर न दाखवता 'स्थगित'मध्ये टाक. नियमाची तारीख अकरा वर्षांपूर्वीचा सतरा जून. माझा अर्ज परत आला त्याच्या दुसऱ्याच दिवशीची.

मी एकही पत्र उघडलेलं नाही. विषयाच्या जागी फक्त आकडे आहेत: जा. क्र. १, जा. क्र. २, असे थेट २१४ पर्यंत. आईने नोकरीभर आवक-जावकच्या टेबलावर काढली, तिला जावक क्रमांक घातल्याशिवाय पत्र लिहिताच येत नसणार. शेवटचं मागच्याच महिन्यातलं आहे.

ती तुला लिहिते हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हा दोघींचा विषय काढायचा नाही हा कायदा मला दोन्ही घरांनी लागू केलेला आहे. आज मोडावा लागला.

खूण करू की नको?

बटण

१० मार्च

चि. बटण,

तुला प्रकरण माहीत आहे, तरी माझी बाजू लेखी असावी.

मी मंडळाच्या परीक्षा विभागाची प्रमुख होते. तू दोन गुणांनी नापास झालीस. गुणांच्या पुनर्मोजणीचे अर्ज घ्यायची मुदत पंधरा जून. तुझा अर्ज सोळाला आला. त्यावर 'मुदतबाह्य' हा शेरा मी स्वतःच्या हाताने मारला, कारण भाचीचा अर्ज दुसऱ्या कोणाकडे ढकलणं मला भ्याडपणाचं वाटलं. तुझ्या आईचा फोन आला. "एका दिवसासाठी, ताई?" मी म्हटलं, एक दिवस म्हणजे एक दिवस. ती म्हणाली, "तुझ्या घरात माणसं राहत नाहीत, नियम राहतात. त्यांनाच चहा पाज!" आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी तिची एक ईमेल आली. ती वाचून कामात लक्ष लागेना. म्हणून आमच्या संगणक विभागातल्या माणसाला मी सांगितलं, या पत्त्यावरून येणारं महिनाभर माझ्यासमोर आणू नकोस. महिनाभर. त्याने विचारलं, "मॅडम, फोल्डरला नाव काय देऊ?" मी म्हटलं, स्थगित.

पुढे महिन्याभरात त्याची बदली झाली. महिना झाल्यावर मी वाट पाहिली. काही आलं नाही. मला वाटलं, तिने लिहिणं सोडलं. ती लिहीत नाही तर मी का लिहू?

तीस वर्षं नोकरीत मी इतरांना सांगत आले की स्थगिती द्यायला दहा जण असतात, उठवायला कोणी लक्षात ठेवत नाही.

खूण करण्याचं नंतर कळवते. आईला यातलं काही सांगू नकोस.

मावशी

२० मार्च

मावशी,

दहा दिवस झाले. बाकीचे पाचही फोल्डर नव्या प्रोग्रॅममध्ये आले. टाकीचा वाद सुखरूप आहे, जोड-कागदांसकट.

मी घाई करत नाही. कंपनी करते आहे.

बटण

२९ मार्च

चि. बटण,

खूण कर.

मावशी

३१ मार्च

मावशी,

झालं. कामाचा अहवाल: निवृत्ती १८६, दवाखाना ७१, इमारत (सामान्य) ४०२, इमारत (भांडणं) ९३८, टाकी ३५५, स्थगित २१४ पैकी २१४. जुन्या आणि नव्या ठिकाणची यादी समोरासमोर ठेवून एकेक तपासली. एकही गळलं नाही. तो नियम नव्या प्रोग्रॅममध्ये बसवलेला नाही. बसवायचा असेल तर दुसरं माणूस शोध.

नवा पासवर्ड मी ठरवला नाही, तूच ठरव. 'टाकी' हा शब्द ठेवू नकोस, सगळी इमारत ओळखेल.

दुपारी चारच्या सुमारास जुनं खातं उघडून पाहिलं तर कंपनीचा निरोप होता: "आपल्यासोबतचा प्रवास सुंदर होता." मला तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला.

बटण

३ एप्रिल, सकाळ

चि. बटण,

आज नऊ वाजता बसले. जा. क्र. १ उघडलं तर पत्राच्या आधी एक चौकट आली: 'पाठवणाऱ्याने पोच मागितली आहे. पत्र वाचल्याची पोच पाठवायची का?' खाली हो आणि नाही. मी ती तशीच ठेवून दुसरं उघडलं. तिथेही तेच.

हे काय आहे, आणि प्रत्येक पत्राला विचारणार का?

मावशी

३ एप्रिल

मावशी,

हो, प्रत्येकाला. आईने प्रत्येक पत्राबरोबर पोच मागितली आहे. ऑफिसची सवय, पोच नसेल तर तिच्या दृष्टीने कागद गेलाच नाही. तू 'हो' दाबलंस की तिला आपोआप दोन ओळींची चिठ्ठी जाते: अमुक पत्र अमुक वाजता उघडलं गेलं. 'नाही' दाबलंस तर काही जात नाही, तिला कळतही नाही.

याचा अर्थ असाही होतो की अकरा वर्षं एकही पोच आली नाही हे ती पाहत होती. तरी लिहीत होती.

सगळ्यांना एकदम 'हो' किंवा एकदम 'नाही' असं ठरवून टाकता येतं. कसं करायचं ते सांगू?

बटण

३ एप्रिल

नको. एकेकाचं पाहीन.

मावशी

८ एप्रिल

चि. बटण,

एक विचारायचं आहे. नीट आठवून, तारखेसह उत्तर दे.

अकरा वर्षांपूर्वीचा तो पुनर्मोजणीचा अर्ज तू लिहून कधी पूर्ण केलास, आणि कोणाच्या हातात दिलास?

मावशी

८ एप्रिल

मावशी,

आठवावं लागत नाही. बारा जूनला. आईच्या हातात. ती ऑफिसच्या टपालाबरोबर पाठवणार होती, दुसऱ्या दिवशी पोचला असता.

पंधराला संध्याकाळी ती घरी आली आणि पिशवीतून डबा काढायला लागली. डब्याखालून अर्ज निघाला. मी दारात होते, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. जिच्या टेबलावरून पस्तीस वर्षांत एक कागद हरवला नाही, तिचा चेहरा मी पाहिला. मी पाऊल न वाजवता मागे सरले. सोळाला ती रजा टाकून स्वतः तुमच्या मंडळात देऊन आली.

घरी मला सांगितलं, मावशीने अडवलं. मी म्हटलं, बरं. ती चिडली होती, पण मला वाटतं तुझ्यावर नाही.

मला एक वर्ष जास्त लागलं, त्यात टायपिंग शिकले, टायपिंगमुळे संगणक शिकले. त्या दोन गुणांचं काय झालं असतं ते कोणालाच कळणार नाही, आणि मला जाणून घ्यायचं नाही. तिला मी कधी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

बटण

९ एप्रिल

चि. बटण,

उत्तर मिळालं. नाही विचारणार.

त्या वेळी मी तुझ्या आईला फोनवर म्हटलं होतं की तुझी मुलगी बेशिस्त आहे, साधा अर्ज वेळेवर करता येत नाही. तो शब्द तुझ्या कानावर गेला असणार. अकरा वर्षं माझं मत तेच होतं, आणि त्या मतासकट मी तुझ्याकडून कामं करून घेतली.

शब्द मागे घेते. लेखी. हे पत्र जपून ठेव, वाटल्यास फोल्डर कर.

मावशी

१० एप्रिल

ताई,

हे पत्र जा. क्र. २१५. आधीची दोनशे चौदा मी अशीच सोडली होती, विहिरीत खडे टाकावेत तशी. या वेळी खाली कोणी आहे हे माहीत असल्यामुळे हात अडखळतोय.

तीन तारखेला सकाळी नऊ चाळीसला तुझी पहिली पोच आली. मी भाजी निवडत होते. पडद्यावर 'जा. क्र. १ उघडले गेले' असं वाचलं आणि मला वाटलं, तुझ्या संगणकात चोर शिरला. दहा मिनिटांनी दोन, मग तीन. चोर इतकं क्रमाने वाचत नाही.

तेव्हापासून रोज बसून पाहिलं. नऊ ते एक. ऑफिसची वेळ पाळलीस. साडेअकराला दहा मिनिटं काही येत नाही, म्हणजे चहा. बावन्नाव्याला फक्त अर्धं मिनिट दिलंस. तो माझ्या पोहण्याच्या क्लासचा वृत्तांत होता, चांगला चार पानी! अठ्ठावन्नाव्या वर्षी पाण्यात उतरले त्याचं तुला काही नाही. चार तारखेला अठ्ठ्याऐंशीवर थांबलीस आणि त्या दिवशी पुढे एकही आली नाही. ते माझ्या ऑपरेशनचं होतं. गाठ साधी निघाली, हे एकोणनव्वदमध्ये लिहिलं होतं. एक पत्र पुढे वाचायचंस ना, वेडे. उगाच रात्रभर तळमळली असशील. बटणला मीच शपथ घातली होती तुला सांगायचं नाही म्हणून.

माझ्याकडे जावकची वही आहे. डावीकडे क्रमांक, मग तारीख, मग विषय, आणि शेवटचा रकाना 'पोच'. अकरा वर्षं तो कोरा होता. या आठवड्यात लाल पेनाने भरला. काल दोनशे चौदाव्याची आली.

फक्त एकशे सत्तावीसची पोच आलेली नाही. एकशे सव्वीस सात तारखेला बारा वाजून पाचला. त्यानंतर त्या दिवशी काही नाही. आठ तारखेला एकदम एकशे अठ्ठावीस. वही दोनदा तपासली.

ते पत्र बटणच्या अर्जाबद्दल होतं, ताई. ते लिहायला मला पाच वर्षं लागली. पाठवलं आणि पोच आली नाही तेव्हा, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. पण आता सगळ्या रकान्यांत लाल शाई आणि तिथेच भोक, ते बघवत नाही. तू ते वाचलं नसशील तर मी पुन्हा लिहिते. हात चालणार नाही, पण लिहीन. वाचलं असशील आणि मुद्दाम पोच दिली नसशील, तर तेही सांग. मी समजेन.

धाकटी

११ एप्रिल, सकाळ

धाकटे,

अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं वाचली. पहिल्या विसात व्याकरण सैल आहे, पुढे सुधारलंस. पोहण्याचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रोग्रॅम एकाच वेळची पोच पाठवतो, म्हणून तुला अर्धं मिनिट वाटलं. अठ्ठ्याऐंशीनंतर मी थांबले ते डोळे दुखले म्हणून.

ती न वाचता बाजूला ठेवायला मीच सांगितलं होतं, महिन्यापुरतं. ते उठवायचं माझ्याकडून राहिलं. चूक पूर्णपणे माझ्या बाजूची आहे. यावर तुझ्याकडून खुलासा नको.

जा. क्र. १२७ विषयी. ते माझ्याकडे आलेलं नाही. १२६ नंतर एकदम १२८ आहे. जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात हजारो पत्रं हलवताना एखादं गळतंच, असं तुझी मुलगी म्हणते. पुन्हा लिहू नकोस. अर्ज उशिरा आला, मी परत पाठवला, यापलीकडे त्या प्रकरणात कोणी कोणाला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. रकाना कोरा राहू दे. एखादा कोरा रकाना असलेली वही जास्त विश्वासार्ह दिसते, हे माझं तपासणीतलं मत आहे.

रविवारच्या सकाळच्या बसने येते. चारला पोचते. दोन दिवस राहीन. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस.

ताई

११ एप्रिल, संध्याकाळ

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोच मागितली नव्हतीस, तरी देते.

परवा तुझी शेवटची पोच आली तेव्हा मी बटणला फोन केला. म्हटलं, मावशीची पत्रं तूच हलवलीस ना? माझी सगळी आली का गं? तर काय फुशारकी! "दोनशे चौदापैकी दोनशे चौदा, आई. समोरासमोर यादी ठेवून तपासली. माझ्या हातून गळत नाही."

म्हणजे साठ वर्षांत तू माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोललीस. आणि तेही किती वाईट! अगं, खोटं बोलायचं तर आधी साक्षीदार फोडावा, एवढंही तुला कोणी शिकवलं नाही. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. हसत होते की काय करत होते, मला सांगता येणार नाही.

एकशे सत्तावीसच्या रकान्यात मी आजची तारीख घातली आहे. वही भरली.

बटणलाही बोलावलं आहे. तिला काही सांगायचं आहे मला, ते तुझ्यासमोर सांगेन. तू शेजारी बस म्हणजे झालं, बोलू नकोस.

मी बसथांब्यावर उभी असेन. रविवार म्हणजे रविवार. सोमवारी आलीस तर 'मुदतबाह्य' असा शेरा मारून दारातूनच परत पाठवीन.

धाकटी